डाव्या दाराचा मोदक

दिवा जरा पुढे सरकवा, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल. वीज काही इतक्यात येत नाही. अंधारात बोलायला मला आवडत नाही, आणि ही गोष्ट तर मुळीच नाही. पण आज दुपारी केरू आला होता. तेव्हापासून कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं चित्त थाऱ्यावर येणार नाही असं झालंय.

बाजूची ती रिकामी पत्र्याची शेड बघितलीत ना, ती केरूची. कोकण रेल्वेची कामं चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. त्या दिवशी मी घरातून निघाले ती फक्त वाटीभर बिरडं द्यायला. कडव्या वालांना मोड छान आले होते आणि आमचे हे धाटावला कंपनीत दुसऱ्या शिफ्टला गेलेले. एकटीपुरतं शिजवायला माझा हात वळत नाही, म्हणून एक वाटी केरूकडे जायचीच. खरं सांगायचं तर वाटी हे निमित्त. शेडसमोर ट्रक थांबल्याचा आवाज आला होता आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा फक्त मागचा भाग दिसत होता. अर्धवट दिसलेलं मला बसू देत नाही. त्यावरून सगळी आळी मला हसते. हसू दे.

केरू गाड्यांचं पत्र्याचं आणि रंगाचं काम करायचा. त्याआधी आमच्या पेणमधल्या इतर चार माणसांसारखाच तोही गणपतीच्या कारखान्यात होता, रंगारी. हात असा स्थिर, की मोटारीलाही सोंडेसारखा रंग चढवायचा. पण अक्षरओळख नाही. आणि अंगठाही नाही म्हणायला हरकत नाही. पॉलिश पेपरनं पत्रा घासून घासून त्याच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेल्या होत्या. बँकेत अंगठा उठवायला गेला तर कागदावर नुसता शाईचा गोळा. बायजा, त्याची बायको, म्हणायची, "देवानं याला बिनसहीचा धाडलाय."

हे ती हसत म्हणायची. मालू होती तेव्हा.

मालू त्यांची एकुलती एक मुलगी. कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम झालं की सगळ्यात शेवटी डोळे. तोवर मूर्ती म्हणजे माती, आणि डोळे काढले की तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. कारखान्यातून सुटली की पोरगी शेडमध्ये बापाच्या हाताखाली. गाडी खोलली की दारं, मडगार्ड, बॉनेट असे सुटे भाग सगळीकडे पसरतात. कुठला भाग कुठल्या अंगाचा हे कळायला दुसरे लोक आतून अक्षरं लिहितात. केरूला अक्षरं येत नाहीत, म्हणून मालूनं चित्रं काढून ठेवली. गणपतीच्या डाव्या हातात मोदक, तर डावीकडच्या भागाला मोदक. उजव्या हातात परशू, तर उजवीकडच्याला परशू. जे मधलं असेल त्याला उंदीर. सुताराच्या काळ्या पेन्सिलीनं, पत्र्याच्या आतल्या बाजूला. तिच्या मोदकाचं शेंडीसारखं टोक नेहमी एका बाजूला कललेलं असायचं. केरू म्हणायचा, "हा मोदक हाय का लसूण?" ती म्हणायची, "तुमी दार बसवा ना बाबा. खायाचा थोडाच हाय?"

आणि भाग जागेवर बसवून झाला की ती खूण मालूच अंगठ्यानं पुसायची. बापाच्या गुळगुळीत अंगठ्याला ती निघायची नाही. पुसली की म्हणायची, "जागेवर बसलं." खूण दिसते म्हणजे काम राहिलंय. खूण गेली म्हणजे काळजी मिटली. खिडकीतून मी ते कितीदा ऐकलंय.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती रोह्याला गेली. तिथल्या एका कारखान्यातला आखणी करणारा तापानं पडला होता आणि मूर्ती डोळ्यांविना खोळंबल्या होत्या. काम उरकून परत येताना नाल्याला पाणी चढलं म्हणून एस्टी अलीकडेच थांबली. काही लोक उतरून, हाताला हात धरून, पलीकडे निघाले. मालूनं एका म्हातारीचा हात धरला होता. पलीकडे पोचल्यावर म्हातारीच्या मुठीत मालूची हिरवी बांगडी होती. नुसती बांगडी.

खाडीपर्यंत शोधलं. मिठागरावरची माणसं होड्या घेऊन उतरली, त्यांच्यातला नाथा म्हणून एक तर आठवडाभर घरी गेला नाही. काही मिळालं नाही. केरू म्हणाला, दर्भाची बाहुली करून पोरीचे दिवस घालूया. बायजा उठून उभी राहिली आणि इतकंच म्हणाली, "माजी पोर गवताची नव्हती." त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही. बायजा जेवायची, पण जेवल्यासारखी नाही. बोलायची, पण कुणाशी ते कळायचं नाही. रोज दिवेलागणीला मालूचा आखणीचा बारीक ब्रश पाण्यात बुडवायची आणि ओठांनी त्याचं टोक नीट करून ठेवायची. केस कडक झाले तर पोरीला आल्यावर काम करता येणार नाही, म्हणून.

तर असं ते घर, आणि मी बिरड्याची वाटी घेऊन शेडमध्ये शिरले.

ट्रकवरून उतरवलेली गाडी मी आजवर चित्रातही बघितली नव्हती. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. रंग एके काळी लाल असावा, आता वाळलेल्या जास्वंदीसारखा. बाजूला पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ काठीवर हात ठेवून उभे होते. रोह्याचे हैबतराव. नदीकाठी बंगला, बायको वारलेली, मुलं परदेशात. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईहून मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही शर्यतीची गाडी घेतली होती. मालू तर सोडाच, तेव्हा बायजाचंही लग्न व्हायचं होतं.

"केरू," ते म्हणाले, "हिचा पत्रा न् पत्रा मूळचा आहे. हातानं ठोकून केलेला. दाराच्या आतलं कातडंसुद्धा आजवर कुणी उचकटलेलं नाही. तूच पहिला. एकदा रंगव, एकदा मला तीत बसून घाटापर्यंत जाऊन येऊ दे, मग काय व्हायचं ते होवो."

"जाल मालक. नवरदेवासारखे जाल," केरू म्हणाला.

"नवरी कुठून आणू?" म्हातारबाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. खिडकीतून ठोकाठोकीचा आवाज येत होता, तो थांबला. थांबला तो थांबलाच. मग केरूची हाक आली, अगदी हळू, जणू शेडमध्ये कुणी झोपलंय.

"वैनी... जरा येता का. वाचायचंय काय तरी."

मी ओल्या हातांनीच गेले. शेडमध्ये थिनरचा वास असायचा, डोळे चुरचुरवणारा. त्या दिवशी तो नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये ओल्या शाडूच्या मातीचा वास भरला होता. चैत्रापासून आमच्या आळीत तो घराघरांतून येतो, पण ते दिवस थंडीचे होते आणि कारखाने बंद. केरू डाव्या दारापुढे उकिडवा बसला होता. दाराचं आतलं कातडं त्यानं सोलून बाजूला ठेवलं होतं. आत पांढरट उघडा पत्रा. त्यावर पेन्सिलीनं काही आकडे होते, परक्या वळणाचे. बाजूला एक-दोन इंग्रजी अक्षरं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेवढं मला लागलं नाही.

"आकडे हायेत," मी म्हटलं. "गाडीचा नंबर असंल."

"त्याच्या खाली बगा."

खाली मोदक होता. कळ्यांच्या रेघा ओढलेला, शेंडी एका बाजूला कललेली.

  केरूनं कापडाला थिनर लावून तो मोदक पुसायला घेतला. घास घास घासला. पेन्सिलीची रेघ तसूभर फिकी झाली नाही. त्यानं नखानं खरवडून बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"रोगणाखाली हाय वैनी. गाडीच्या कारखान्यातलं रोगण हाय ह्ये. कुणी... आदी काढलंय, आन् वरनं रोगण मारलंय. तिकडं. साहेबाच्या देशात."

"बायजाला सांगू नको," मी म्हटलं.

"नाय सांगत."

मग त्यानं उजवं दार खोललं. माझ्यासमोरच खोललं, मी निघून जाऊ शकले असते पण पाय निघेना. कातडं सुटलं तसा मातीचा वास पुन्हा आला, गार, हातभर अंतरावर कुणी गोळा मळतंय असा. आत आकडे. आकड्यांखाली परशू.

"ह्याच्या आदी आनखी एक व्हता का," मागून आवाज आला, "का येवढंच?"

बायजा शेडच्या तोंडाशी उभी होती. हातात तो ब्रश. ती आत आली, दारासमोर बसली आणि तिनं परशूवर तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. कितीतरी वेळ. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शांतीबाय, बिरडं उरलंय का गो कालचं? भूक लागलीया."

तुम्हाला काय सांगू. भूक लागली हे शब्द त्या बाईच्या तोंडून मी मालू गेल्यापासून ऐकले नव्हते. मी धावत जाऊन पातेलंच घेऊन आले.

त्यानंतर बायजा बदलली. केरू एकेक भाग सुटा करी आणि ती शेजारी बसून राही. डाव्या मडगार्डाखाली मोदक, उजव्याखाली परशू, प्रत्येक ठिकाणी परक्या आकड्यांच्या पायाशी. ती त्या भागांशी बोलायची. आळीत कोण आलं, शेजारच्या धोंडुबाईच्या म्हशीला काय झालं, सगळं. जेवायची, केस विंचरायची. मला म्हणायची, "ती सांगतीया बग. खोललंय, पन आजून बसवल्यालं नाय. कुटं तरी हाय ती, सुट्टी पडल्याली."

केरूनं रोह्याला निरोप धाडून हैबतरावांना बोलावून घेतलं. म्हातारे खाली वाकून, चष्मा कपाळावर चढवून, प्रत्येक खूण बघत गेले.

"आकडे असणारच," ते म्हणाले. "हातानं घडवलेली गाडी. एकाच गाडीचं दार दुसरीला लागत नाही, केसभर फरक पडतो. म्हणून तिथले कारागीर प्रत्येक भागावर त्या त्या गाडीचा आकडा लिहून ठेवत. भाग चुकून दुसऱ्या गाडीला जाऊ नये म्हणून. जो भाग जिचा, तो तिचाच."

"आन् ह्यो मोदक, मालक?" बायजानं विचारलं.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "एखाद्यानं गंमत म्हणून कांदा काढला असेल बाई," ते म्हणाले. पण जाताना शेडच्या दारातून वळून त्यांनी केरूला विचारलं, "तुझी मुलगी रोह्याला आली होती, ती कुठे गेली होती आखणी करायला?" केरूनं कारखान्याचं नाव सांगितलं. म्हातारे काठी टेकत रस्त्यापर्यंत गेले. तो कारखाना त्यांच्या कुंपणाला लागून होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या पावसात आडोशाला एक मुलगी त्यांच्या गॅरेजमध्ये उभी होती, गाडीच्या दाराला टेकून. त्यांनी तिला चहा पाठवला होता. चहा घेऊन नोकर गेला तोवर ती एस्टीसाठी निघून गेली होती.

आतलं कातडं तेव्हाही कुणी उचकटलं नव्हतं. हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

रंग झाला. इतका लाल, की शेडमध्ये गेलं की आपल्याच हातांवर तांबूस उजेड पडायचा. आता भाग बसवायचे राहिले, आणि तिथेच घोडं अडलं. बायजा म्हणाली, बसवू नका. एकदा बसवलं की खुणा आत जातील, कातड्याखाली. गाडी रोह्याला जाईल आणि पोर पुन्हा जाईल.

"दुसऱ्याचं हाय गो ते," केरू म्हणाला.

"माजं न्हाय का काय त्यात?"

"सुट्टं किती दिस ठेवायचं? तूच सांग. तिला तरी बरं वाटंल का?" केरूनं हातातला पाना खाली ठेवला. "धा येळा म्हनायची, बाबा, रातीचं सुट्टं नका ठिवू, हरवंल. बसवून मगच जेवा."

 खिडकीतून मला बायजाची फक्त पाठ दिसत होती. मग ती पाठ हलली आणि ती म्हणाली, "मी दिवा धरते."

संध्याकाळचीच वेळ. वीज गेलेली. रस्त्यावर पोरं खेळत होती त्यांचा आवाज येत होता, तेवढाच आधार. बायजानं मलाही बोलावलं, म्हणाली तू असलीस म्हंजे बरं. केरूनं डावं दार उचलून बिजागरीवर धरलं, बोल्ट आवळले. दार मिटताना कुलपाच्या पेटीसारखा जड, गोड आवाज झाला. त्यानं ते पुन्हा उघडलं. बायजानं दिवा माझ्या हातात दिला, पुढे झाली आणि मोदकावर अंगठा फिरवला.

मोदक पुसला गेला.

थिनरला न निघालेली ती रोगणाखालची रेघ, बायजाच्या कोरड्या अंगठ्याखाली पाटीवरच्या पेन्सिलीसारखी निघून आली. आकडे तसेच राहिले. बायजानं अंगठा दिव्यासमोर धरून बघितला. काळा झाला होता.

"जागेवर बसलं," ती म्हणाली.

एकेक करत दारं झाली, मडगार्डं झाली. प्रत्येक वेळी ती तेच म्हणायची, आणि प्रत्येक वेळी आवाज लहान होत जायचा. शेवटी बॉनेट उरलं. त्या लांब नाकावरचं भलंमोठं झाकण. त्याच्या पोटाशी उंदीर होता, आम्ही तो आधीच बघितला होता. पण दिव्याच्या उजेडात बायजा थबकली. "डोळं न्हाईत त्याला," ती म्हणाली.

खरंच नव्हते. कान होते, शेपटी होती, हातात छोटा लाडू होता. डोळ्यांच्या जागा मोकळ्या.

"ऱ्हाऊ दे," केरू म्हणाला. "बायजे... ऱ्हाऊ दे त्ये."

पण आखणीवाल्या पोरीची आई ती. डोळ्यांविना काम सोडायचं तिच्यानं होईना. तिनं मालूचा ब्रश काढला, ओठांनी टोक केलं, केरूच्या डबीतल्या काळ्या रंगात बुडवला आणि दोन ठिपके दिले. मग तिनं गणपतीच्या पाटासमोर उभं राहावं तसे हात जोडले. आम्ही कुणी मोठ्यानं बोललो नाही. केरूनं झाकण हळूच खाली आणलं आणि बंद केलं.

आणि आतून आवाज आला. खस... खस... कुणीतरी पत्र्यावर आतल्या बाजूनं अंगठा घासतंय असा. घाई नसलेला. नीट, निगुतीनं.  बायजानं माझ्या हातातून दिवा घेतला आणि झाकणाजवळ धरला. 

आवाज थांबल्यावर केरूनं झाकण उघडलं. आत आकडे होते. उंदीर नव्हता. शाडूचा वासही नव्हता. सगळीकडे नुसतं थिनर.

"गेली," बायजा म्हणाली. मग पहिल्यांदा ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, लहान पोरीसारखी, माझा पदर चिंब होईस्तोवर.

गाडी रोह्याला गेली. त्याच खेपेला ती दोघंही गेली आणि कुंडलिका नदीच्या काठी त्यांनी मालूचे दिवस घातले, दर्भाची बाहुली करून. बायजानं बाहुलीला हिरवी बांगडी घातली. हैबतराव काठी टेकून उभे होते. गाडीतून घाटापर्यंत ते एकदा जाऊन आले म्हणे. एका बाजूची सीट रिकामी ठेवून.

बायजा आणखी वर्षभर जगली असेल. चांगली जगली. मला टोमणे मारायची, "शांतीबाय, खिडकीला पडदा लाव गो, तुज्या डोळ्यांनी आमची भाजी करपते." एका दुपारी पापड वाळत घालून आत गेली, जरा पडते म्हणाली, आणि उठली नाही.

तिला शेवटची आंघोळ घालायला मी आणि धोंडुबाई होतो. धोंडुबाई गरम पाणी आणायला परसात गेली. मी बायजाला कुशीवर केलं. डाव्या खांद्याच्या मागे, फऱ्यावर, मोदक होता. काळ्या पेन्सिलीचा. शेंडी कललेली. उजव्या फऱ्यावर परशू. मी घाबरले नाही, असं सांगितलं तर खोटं होईल.  पण त्याच वेळी हैबतरावांचे शब्द आठवले. जो भाग जिचा, तो तिचाच. चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

धोंडुबाईला हाक मारायला मी मान वळवली, तेवढीच. पुन्हा बघितलं तर दोन्ही खुणा पुसलेल्या. दोन काळपट फराटे, ओलसर. खोलीत बायजा आणि मी, दुसरं कुणी नाही. धोंडुबाईनं पाणी ओतलं तसे ते फराटेही वाहून गेले.

तेराव्यानंतर मी केरूला सांगितलं. त्याच्या बायकोच्या अंगावरचं होतं, त्याचा हक्क होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पुसल्यालं व्हतं?"

"व्हय."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. 

नंतर त्यानं शेडला कुलूप घातलं आणि रोह्याला गेला. हैबतराव गेले तरी त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहतो, गाडीवर फडकं मारतो. गणपती गेले की वर्षातून एकदा पेणला येतो, माझ्याकडे. ओटीवर बसतो, इकडचं तिकडचं बोलतो. मग सदरा काढतो आणि पाठ माझ्याकडे करतो.

"वैनी, बगा जरा. काय दिसतंय का."

इतकी वर्षं मी बघत आले. म्हातारी होत चाललेली पाठ, हाडं वर येत चाललेली. दर वर्षी मी म्हणते, "नाय रे केरू. काय नाय." तो "बरं" म्हणतो आणि सदरा चढवतो. ते "बरं" ऐकवत नाही हो. शाळेतून घ्यायला कुणी आलं नाही अशा पोराचं असतं तसं.

आज आला, तेव्हा अंगणात चांगलं ऊन होतं. त्यानं सदरा काढला. मी चष्मा लावला.

डाव्या फऱ्यावर मोदक होता.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. त्याला ते पाठीनंच कळलं असावं.

"हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय."

"शेंडी?"

"कललेली."

तो हसला. बायजा गेल्यापासून, बारा वर्षांत पहिल्यांदा. "लसूनच काडलाय तिनं," म्हणाला. मग जरा थांबून, "पुसलाय का?"

"नाय रे. तसाच हाय."

"मंग हाय टाइम," तो म्हणाला आणि सदऱ्याची बटणं लावली. "च्या टाका वैनी. साकर जरा जास्त."

मी त्याच्या पाठीला हात लावला नाही. तो चहा प्यायला, मघाशी संध्याकाळच्या एस्टीनं रोह्याला निघाला. मी फाटकापर्यंत सोडायला गेले, हात हलवला, परत आले आणि कप उचलला.

कपावर काळा अंगठा उमटलाय. पेन्सिलीचा. लहान, निमुळता, आणि त्यातली रेष न् रेष मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.

केरूच्या अंगठ्याला रेषा नाहीत, हे मी तुम्हाला सांगितलंय.

कप मी धुतला नाही. आत ओट्यावर पालथा ठेवलाय. बघायचा असेल तर दिवा घेऊन या. पण आधी मला सांगा, तुम्ही रोह्याकडून त्याच वाटेनं आलात ना, ती रोह्याची एस्टी आता कुठपर्यंत पोचली असेल, त्या नाल्यापलीकडे गेली असेल का?